बंधारा आला, उतरा: होडीच्या प्रवासात पायात काय घालायचं

कोल्हापूर जिल्ह्यात होडी वल्हवायची म्हणजे बराच वेळ ती खांद्यावर घेऊन चालायची तयारी ठेवायची. आमच्या नद्यांवर ठिकठिकाणी बंधारे आहेत, आणि तेही 'कोल्हापूर पद्धतीचे'. दगडी खांब, खांबांना खाचा. पावसाळा सरला की खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवायचं आणि पुढचा पाऊस यायच्या आत बरगे काढून घ्यायचे. दर पावसाळ्यात पेपरात येणारी 'राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ बंधारे पाण्याखाली' ही ओळ इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. हेच बंधारे हिवाळ्यात होडीवाल्याला आडवे येतात. बरगे पडले की मागं भरलेलं, संथ पाणी मिळतं, वल्हवायला सुख. बंधारा आला की मात्र उतरा, होडी काठावर ओढा, सामान पाठीला मारा आणि पलीकडं पुन्हा होडी तरंगेल एवढं पाणी लागेपर्यंत चाला. कधी ते पाणी हाकेच्या अंतरावर असतं. कधी बंधाऱ्याखाली नुसता खडक आणि डबकी असतात, मग उसाच्या कडेकडेनं पाणंदीतून चांगली तंगडतोड होते.

माझ्या मावसभावानं गोव्यातून दोन माणसांची एक जुनी प्लॅस्टिकची कॅनू उचलून आणली तेव्हा आमचं ठरलं, की राशिवड्यापासून भोगावतीनं खाली प्रयाग चिखलीपर्यंत यायचं, आणि जमलं तर तिथून पंचगंगेनं नृसिंहवाडीपर्यंत. एका दमात नाही, सुट्ट्या बघून टप्प्याटप्प्यानं. होडी होती, वल्ही होती, लाइफ जॅकेटं आली. अडलं ते पायाशी.

कारण एकाच सकाळी पाय कुठं कुठं पडणार ते बघा. काठाला गुडघाभर पाणी, त्याखाली पोटरीपर्यंत खेचणारा गाळ. वर मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या, रानातली काळी ओली माती. त्यापुढं तोडलेल्या उसाचं रान: वर पाचट अंथरलेलं आणि त्याखाली कोयत्यानं तिरके तोडलेले बुडखे, भाल्यासारखे टोकदार. मधे बाभळीचा काटा. मग बंधाऱ्यावरचा उन्हानं तापलेला रस्ता, आणि पलीकडं उतरताना शेवाळलेला खडक. या सगळ्यातून खांद्यावर होडी आणि पाठीवर सॅक घेऊन चालायचं, आणि होडी खांद्यावर असली की पायाखालचं धड दिसतही नाही. पाऊल कुठं पडणार हे नशिबावर, त्यामुळं पायात काय आहे याला फार महत्त्व येतं.

या प्रश्नावर जगात सगळ्यात जास्त डोकं चालवलं आहे ते अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या लोकांनी. मिनेसोटाच्या उत्तरेला हजाराहून जास्त तळ्यांचा मुलूख आहे. एका तळ्यातून दुसऱ्यात जायचं तर होडी उचलायची आणि जंगलातून चालायचं. जुन्या काळी फरचा व्यापार करणारे तांडेही याच वाटांनी जायचे. सुपीरियर सरोवराजवळचा ग्रँड पोर्टेज हा त्यांचा एक टप्पा साडेआठ मैलांचा, म्हणजे साडेतेरा किलोमीटरच्या आसपास, आणि चाळीसेक किलोचा एक असे दोन गठ्ठे माणूस एका खेपेला पाठीवर घ्यायचा. त्यांच्या होड्या बर्चच्या सालीच्या. दगडाला घासली की फाटली. म्हणून काठाला टेकायच्या आतच ते पाण्यात उतरून सामान काढायचे, पाय भिजले तर भिजले.

आजही तिथं दोन पंथ आहेत. एक ओल्या पायाचा: पाय भिजणारच असं धरून चाला, बूट असा घ्या की आत आलेलं पाणी लगेच बाहेर पडेल. दुसरा कोरड्या पायाचा: गुडघ्यापर्यंत रबरी बूट घाला आणि पाऊल जपून टाका. या दोहोंच्या मधला एक प्रकारही अमेरिकेतल्या मेन राज्यात 1912 मध्ये निघाला, खाली रबर आणि वर चामडं असलेला एल. एल. बीन यांचा शिकारी बूट, आणि तो अजून विकला जातो. हे सगळं वाचताना मजा येत होती. पण त्यांच्याकडं ऊस नाही, आणि शहराच्या खालची पंचगंगाही नाही. आमचा निकाल शेवटी या दोन गोष्टींनीच लावला.

कोल्हापुरात पायताणाचा विषय निघाला की 'कोल्हापुरी घाल की' म्हणणारा एक तरी भेटतोच. भेटला. झाडपाल्यात कमावलेलं चामडं भिजलं की फुगतं, वाळलं की आखडतं. ती चप्पल मिरवायची चीज आहे, गाळात घालायची नाही. एवढं बोलून तो विषय संपला.

मावसभावाकडं हिमालयातल्या एका ट्रेकसाठी घेतलेले भारी वॉटरप्रूफ बूट होते. घोट्याच्या वर येणारे, आत पातळ पडदा असलेले. हा पडदा म्हणजे ताणून केलेलं टेफ्लॉन. बॉब गोअर यांना 1969 मध्ये ते सापडलं आणि त्यातूनच गोअर-टेक्सचं नाव जगभर झालं. त्याची छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पटींनी लहान, पण वाफेच्या कणापेक्षा मोठी. म्हणून बाहेरचं पाणी आत येत नाही आणि घामाची वाफ बाहेर जाते. पावसात वाट तुडवायला, बर्फात चालायला हा प्रकार उत्तमच. पण तो पडदा फक्त घोट्यापर्यंत असतो आणि आमचं पाणी गुडघ्यापर्यंत. राशिवड्याच्या खाली पहिल्याच उतरंडीला बुटात वरून पाणी भरलं. जो पडदा बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही तो आतलंही बाहेर जाऊ देत नाही, हे तेव्हा कानांनी ऐकलं: पुढची सगळी पाणंद 'पचक पचक' करत गेली. बूट काढून उलटा केला तर धार पडली, पण अस्तरानं आणि आतल्या फोमनं जे पिऊन घेतलं होतं ते काही निघेना. वाफ बाहेर जायचं म्हणाल, तर त्यासाठी बाहेरची बाजू कोरडी हवी. बाहेरचं कापड चिंब आणि त्यावर गाळाचा लेप, मग वाफ जाणार कुठून? रात्री पेपरचे बोळे कोंबले, सकाळी काढून दुसरे कोंबले. पुढच्या दिवशी दुपारीही आत बोट घातलं तर गार लागत होतं.

माझ्या पायात तेव्हा निओप्रीनचे बूट होते, पाणबुडे घालतात तसले. पाण्यात त्यांच्याइतकं सुख नाही. आत शिरलेल्या पाण्याचा पातळ थर पायाच्या उबेनं गरम होतो आणि तसाच राहतो. पहाटे नदीवर धुकं असताना मावसभाऊ पाय आपटत होता आणि मी निवांत होतो. पण खाली तळ असा नाहीच, नुसतं जाड मोजं म्हणा. खडकावरचा एकेक उंचवटा तळपायाला मोजता येत होता, आणि खांद्यावर वजन आल्यावर ते मोजणं नकोसं झालं. बाभळीचा काटा तर तळातून सरळ वर आला. होडीत बसायला ठीक, वाहून न्यायच्या टप्प्याला बाद. पट्ट्यांच्या नदी-सँडलचंही तेच. पाणी झटकन निघतं खरं, पण पट्टा आणि पाय यांच्या मधे वाळू जाऊन बसते, आणि उघड्या पायानं पाचटातून चालल्यावर घोट्याला जे ओरखडे येतात त्यांची आग रात्री अंथरुणात समजते.

हळदीच्या बंधाऱ्यावर आम्ही होडी टेकवून पाय पुसत बसलो होतो. एक म्हातारे गृहस्थ सायकल थांबवून बराच वेळ बघत राहिले. होडी बघितली, बूट बघितले.

"काय पाव्हणं, होडी पाण्यात असती का खांद्यावर?"

"दोन्हीकडं, आजोबा."

"आमच्या वक्ताला गुळाच्या काहिलीत बसून नदी वलांडायचो. पायात काय नसायचं." मग माझ्या निओप्रीनकडं बोट दाखवून म्हणाले, "ह्ये काय मोजं घालून आलाईसा? उसात शिरायचं तर हंटर घाला की हंटर."

हंटर म्हणजे कॅनव्हासचे, घोट्यापर्यंतचे, जाड रबरी तळाचे बूट. रानात पाणी पाजायला जाणारी माणसं, वनखात्याचे मजूर, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, सगळ्यांच्या पायात तुम्हाला दिसतील. पन्हाळा-पावनखिंड वाटेवर जुलैच्या पावसात भारी बुटांचे तळ उखडून हातात येतात आणि शेजारून हंटरवाला शीळ घालत निघून जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. कॅनव्हास पाणी अडवत नाहीच, अडवायचा आवही आणत नाही. चामडं नाही, फोम जवळपास नाही, त्यामुळं वाळतोही पटकन. तळाचं रबर जाड, बुडख्याला दाद न देणारं. एकच खोट: पाणी वरून आत येतं, पण खाली तळाशी साचलेलं कापडातून झिरपत झिरपत जातं, तोवर चालणाऱ्याला त्याचं ओझं आणि घासणं दोन्ही.

त्यावरही उपाय जुनाच आहे. अमेरिकी सैन्याच्या व्हिएतनामच्या काळातल्या जंगल बुटांना आतल्या अंगाला, तळव्याच्या कमानीपाशी, जाळी लावलेली दोन छोटी भोकं असायची. पाऊल दाबलं की पाणी तिथून पिचकारीसारखं बाहेर. म्हटलं, आपणही पाडून घेऊ. नवे हंटर घेतले आणि सुभाषनगरात एका ओळखीच्या कारागिराकडं गेलो, आयुष्यभर चपला बांधणारे मामा. बूट हातात घेऊन त्यांनी उलटसुलट केला.

"फाटला कुठं?"

"फाटला नाही मामा, भोकं पाडायची आहेत."

"नव्या बुटाला?" त्यांनी शेजारच्या पोराकडं बघितलं. "चांगल्या बुटाला भोकं पाडून मागणारं गिऱ्हाईक मी आजवर बघितलं नव्हतं बाबा."

पण काम हाती घेतल्यावर माणूस गंभीर झाला. मी दाखवलेली जागा त्यांनी नाकारली. मी बाहेरच्या बाजूला, करंगळीपाशी म्हणत होतो. ते म्हणाले, तिथं बूट दर पावलाला मुडपतो, भोक तिथूनच फाटत जाणार. आतल्या बाजूला, कमानीखाली, जिथं बूट मुडपत नाही आणि पाय टेकतही नाही, तिथं पाडायचं. आणि अगदी तळाला नको, तळाचं रबर जिथं कॅनव्हासवर चढतं त्या काठाच्या वर एक बोट सोडून. नाहीतर चिकटवलेला जोड सुटेल. पंच ठेवला, हातोडीचा एकच ठोका. मग पितळी रिंग बसवली, रिंगेच्या आत बारीक जाळीचा तुकडा ठेवला म्हणजे वाळू शिरणार नाही, आणि सुटलेले धागे तापल्या सुरीनं डागले. दोन बुटांना चार भोकं. पैसे घ्यायला तयार नव्हते. 'बुडालास तर माझं नाव सांगू नको,' एवढीच अट. बळजबरीनं दिले.

राशिवडे ते कोगे हा टप्पा आम्ही नंतर पुन्हा केला तो या हंटरांवर, आणि प्रश्न सुटला. पाण्यातून बाहेर आलो की पहिल्या काही पावलांत चुळुक चुळुक करत पाणी जातं, उरतो तो ओला मोजा. सरकारी कोगे आणि खडक कोगे हे दोन बंधारे लागोपाठ येतात. दोन्हीकडं होडी वाहिली, पण पायाकडं लक्ष द्यावं लागलं नाही. बूट घेताना मात्र आपल्या नंबरापेक्षा अर्धा-एक नंबर मोठा घ्यावा. ओझं घेतल्यावर पाऊल पसरतं, त्यात जाड मोजे येतात, आणि उतारावर अंगठा पुढं आदळतो.

मोजे लोकरीचे. सुती मोजा पाणी धरून ठेवतो, गार पडतो, घडी घालून टाचेखाली जातो आणि फोड आणतो. लोकर ओली असतानाही ऊब देते. धनगर भर पावसात घोंगडं पांघरून मेंढरांमागं उभा असतो तो काही हौसेनं नाही. आम्ही लष्करी मालाच्या दुकानातून जाड लोकरीचे मोजे आणले, टोचतात, पण दोन दिवसांत पायाला सवय होते. एक जोड चालायला. दुसरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फक्त रात्रीसाठी, आणि कितीही मोह झाला तरी तो सकाळी घालायचा नाही. सकाळी ओलाच मोजा पुन्हा चढवायचा. मावसभाऊ दर वेळी त्या क्षणी मला शिव्या घालतो.

ओल्या पायाच्या पंथाची खरी किंमत रात्री मोजावी लागते. दिवसभर भिजलेली कातडी पांढरी, सुरकुतलेली होते आणि जराशा घासण्यानंही सोलते. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात त्या वेगळ्याच. म्हणून मुक्कामाला पोचलं की जेवणाच्या आधी पाय. स्वच्छ पाण्यानं धुवा, बेचक्या नीट पुसा, वाऱ्याला धरा, मग कोरडे मोजे. सकाळी निघताना टाचेला आणि बोटांना व्हॅसलीन किंवा खोबरेल चोपडून घ्यायचं, म्हणजे पाणी कातडीत कमी मुरतं.

इथवर मी ओल्या पायाचा पक्का भक्त झालो होतो. प्रयाग चिखलीच्या पुढं ते बदललं.

प्रयागच्या संगमापासून नदीला पंचगंगा म्हणतात, आणि तिथून नृसिंहवाडीला कृष्णेत मिळेपर्यंत ती साधारण 80 किलोमीटर वाहते. पण शहर ओलांडल्यावर नदी बदलते हे कोल्हापूरकराला सांगायला नको. राजाराम बंधाऱ्याच्या खाली आम्ही होडी वाहायच्या आधी काठावर उभं राहून पाणी बघितलं. काळपट फेस, कडेला प्लॅस्टिक, आणि वास. माझ्या घोट्याला पाचटाचे ओरखडे, मावसभावाच्या टाचेला फुटलेला फोड. अशा पाण्यात उघड्या जखमेनं उतरणं म्हणजे दुखणं मागून घेणं. लेप्टोस्पायरोसिस हा आजार उंदरांच्या आणि जनावरांच्या मुतातून पाण्यात येतो आणि कातडीवरच्या जखमेतून अंगात शिरतो. भोकं पाडलेला हंटर इथं काय कामाचा! पाणी बाहेर सोडणारा बूट तेच पाणी आधी आत घेतो. त्या दिवशी आम्ही तिथूनच घरी आलो.

मग लक्ष्मीपुरीत गमबूट बघत हिंडलो. हे बूट इथं मुबलक मिळतात, दूध संघ, साखर कारखाने, फाउंड्र्या, सगळीकडं लागतात. दुकानदारानं पुढं टाकला तो लोखंडी टोपीचा, म्हणजे बोटांवर स्टील असलेला.

"हे घ्या, यावर गाडीचं चाक गेलं तरी काय होत नाही."

"काका, आम्हाला घालून चालायचंय."

"किती?"

"बंधारे ओलांडून. खांद्यावर होडी घेऊन."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं, आणि टोपीवाला बूट मुकाट्यानं मागं ठेवला. स्टीलच्या टोपीचं वजन लागतं, थंडीत बोटं गारठतात, आणि उतारावर अंगठा तिला घासत राहतो. ट्रेकर मंडळी मानतात, की पायातला एक किलो पाठीवरच्या पाच किलोंना भारी पडतो. गमबुटात चालल्यावर ते पटतं. त्यामुळं हलका बघायचा. दुसरं, पीव्हीसी आणि रबर यांत फरक आहे. पीव्हीसी स्वस्त, पण थंडीत ताठरतं आणि ओल्या खडकावर सटकतं. खरं रबर लवचीक राहतं आणि दगड धरतं. हाताच्या अंगठ्यानं तळ दाबून बघायचा, दबला पाहिजे. तळाची नक्षी खोल हवी आणि दोन खुंट्यांमधे अंतर हवं. बारीक, दाट नक्षीत काळी माती जाऊन बसते आणि थोड्या वेळानं तुम्ही गुळगुळीत तळावर चालत असता. उंची गुडघ्याच्या जरा खाली. त्याहून उंच घेतला तर होडीत गुडघे मोडून बसताना काठ मागं रुततो.

गमबुटाची मोठी अडचण म्हणजे टाच उचलते. नाडी नाही, पकड नाही, त्यामुळं लांब चालताना टाच आत वर-खाली होते आणि फोड येतो. आम्ही आत चांगला जाड इनसोल घातला, त्यावर लोकरीचे मोजे, आणि घोट्यापाशी बाहेरून सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी आवळून बांधली. दिसायला भिकार, पण टाच बसली. घाम मात्र येतोच. गमबुटात पाय बाहेरून कोरडा राहतो आणि आतून भिजतो. दुपारी बंधाऱ्याच्या सावलीत बूट काढून मोजे पिळायचे, हे आमचं ठरून गेलं. स्वतःच्या घामानं भिजलेला पाय नदीनं भिजलेल्या पायापेक्षा बरा, निदान या नदीत.

गमबूट भरले तर माणूस तळाला जातो, अशी भीती घरच्यांनी घातली होती. पाण्यात असताना बुटातल्या पाण्याला वजन नसतं. ते तुम्हाला खाली ओढत नाही. पण पाय मारता येत नाहीत, आणि काठावर चढताना तेच पाणी बादलीभर होऊन लोंबकळतं. म्हणून बूट असा सैल हवा, की पाण्यात एका पायानं दुसरा ढकलून काढता यावा. आमची ट्यूबची पट्टी या नियमाच्या आड येत होती; म्हणून होडीत बसताना ती सोडायची आणि काठावर उतरल्यावर बांधायची, असं ठरवलं. राजाराम बंधाऱ्याच्या मागच्या संथ पाण्यात लाइफ जॅकेट घालून बूट काढून बघितले, निघाले. वाहत्या पाण्यात मात्र गमबूट घालून पोटरीच्या वर उतरायचंच नाही.

आणखी एक. कृष्णेत मगरी आहेत, आणि भोगावतीतही मधूनमधून दिसल्याच्या बातम्या येतात. पायात काय आहे याचा मगरीला फरक पडत नाही. पाण्यात पाय टाकण्याआधी काठावरच्या माणसाला विचारायचं, 'हितं उतरलं तर चालंल का?' धुणं धुणाऱ्या बायका आणि मोटर सुरू करायला आलेले शेतकरी यांच्याइतकी नदीची खबर कुणाला नसते.

गमबुटांवर आम्ही राजाराम ते इचलकरंजी एवढी नदी केली. रुईच्या अलीकडं एका मळीत पोटरीपर्यंत रुतलो आणि पाय वर आला, बूट आतच राहिला; मी एका पायावर होडी सावरत उभा, आणि मावसभावानं दोन्ही हातांनी बूट उपसून काढला तेव्हा काठावरची म्हैस पण मान वळवून बघत होती. गाळात पाय सरळ वर ओढायचा नाही, आधी टाच हलवून हवा आत जाऊ द्यायची, मग सुटतो. इचलकरंजीच्या पुढं जलपर्णीनं नदी गच्च होती. वल्हं पानांत अडकत होतं, होडी पुढं सरकत नव्हती. फोन केला, छोटा हत्ती बोलावला, होडी त्यात टाकली आणि शिरोळपर्यंत रस्त्यानं गेलो. उरलेला तुकडा वल्हवून संगमाला लागलो. नृसिंहवाडीच्या घाटावर दर्शनाला जायचं तर पायताण काढायला हवं, आणि दिवसभर घामानं चिकटलेले गमबूट काही निघेनात. शेवटी पायरीवर बसलो, मावसभावानं टाच धरून मागं ओढला, आणि बुटासकट तो दोन पायऱ्या खाली. पेढेवाला दुकान सोडून बाहेर आला.

आता विचाराल तर घरात दोन्ही जोड्या आहेत. शहराच्या वरच्या अंगाला, भोगावती-कुंभी-कासारीला, भोकांचे हंटर. खालच्या पंचगंगेला गमबूट, आणि तेही घरी आल्यावर आतून साबणानं धुऊन, उलटे टांगून. ते भारी वॉटरप्रूफ बूट मावसभाऊ ऑफिसला घालतो. बरगे काढायच्या आत कासारीला जायचं ठरतंय. तिच्यावर यवलूजच्या आसपास बंधारे आहेत आणि खाली खडक बराच, असं ऐकलंय, म्हणून मामांकडून हंटरना टाचेच्या बाजूला आणखी एकेक रिंग मारून घ्यावी का, यावर आमचं सध्या भांडण सुरू आहे. मावसभाऊ म्हणतो, "दादा, टाचेला भोक पाडलंस तर चिखल आत येईल." मला वाटतं, जाळी बारीक घेतली तर येणार नाही. मामांना विचारून बघतो.